पहिली ते चौथीच्या मुलांना संगणक शिकवताना

प्राथमिक वर्गांना संगणक शिकवायला घेतला की बहुतेक ठिकाणी ‘हा मॉनिटर, हा सीपीयू, हा कीबोर्ड’ अशी नावे फळ्यावर लिहून सुरुवात होते आणि मुले ती वहीत उतरवून घेतात. ही नावे पहिल्या दिवशी सांगण्याची काहीच गरज नाही, कारण वस्तू हाताळता हाताळता तिचे नाव मुले आपोआप उचलतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला आधी हाताला वळण लागणे आवश्यक असते, मग आपल्या लिपीत लिहिणे आणि त्यानंतर क्रमाने सूचना देणे. शिकवण्याचा क्रमही हाच ठेवावा.

माऊसला पुरेसा वेळ द्यावा. टेबलावर हात उजवीकडे सरकला की स्क्रीनवरचा बाणही उजवीकडे जातो, हे मोठ्यांना इतके सवयीचे झालेले असते की त्यात शिकण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. पण लहान मूल सुरुवातीला सतत हाताकडे बघते आणि बाण हरवून बसते. म्हणून आधी नुसता बाण फिरवणे, मग एकदा क्लिक करणे, नंतर बटण दाबून धरून ओढणे आणि सर्वांत शेवटी डबल क्लिक, असा क्रम घ्यावा. लहान बोटांना दोन क्लिक पटापट जमत नाहीत आणि दुसऱ्या क्लिकच्या वेळी माऊस हलतो, त्यामुळे माऊसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करावा आणि बाणाचा आकार मोठा करून ठेवावा. डावखुऱ्या मुलाला माऊस डाव्या बाजूला ठेवण्याची मुभा असावी.

या सरावासाठी ‘टक्स पेंट’ हे 2002 पासून मोफत मिळणारे चित्रांचे सॉफ्टवेअर फार उपयोगी पडते. त्यात डबल क्लिक लागत नाही, चित्र जतन करताना फाइलला नाव द्यावे लागत नाही आणि चुकलेली रेघ एका क्लिकमध्ये मागे घेता येते. ‘जीकॉम्प्री’ हा दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठीचा खेळांचा संचही मोफत असून त्यात माऊस आणि कीबोर्डचे स्वतंत्र खेळ आहेत. दोन्ही सॉफ्टवेअर एकदा बसवली की इंटरनेटशिवाय चालतात, त्यामुळे रेंज नसलेल्या गावातही तास अडत नाही.

संगणक तीन आणि मुले तीस, ही आपल्याकडची नेहमीची परिस्थिती आहे. अशा वेळी एका संगणकाशी तिघांना बसवावे: एकाच्या हातात माऊस, दुसरा कृती सांगणारा, तिसरा पाहणारा. दर पाच मिनिटांनी जागा बदलाव्यात आणि ही बदली शिक्षकाने स्वतः घडवून आणावी, नाहीतर वर्गातले धीट मूल पूर्ण तास माऊस सोडत नाही आणि मुली अनेकदा पाहण्याच्याच जागी राहतात. शिक्षकाने मात्र मुलाच्या हातातून माऊस कधीही घेऊ नये. ‘वरच्या कोपऱ्यात बघ, लाल फुली कुठे आहे?’ असे तोंडी विचारावे आणि थांबावे. वेळ जास्त लागतो, पण ती कृती त्या मुलाची होते.

टायपिंग मराठीतूनच सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवायची पद्धत मोठ्यांच्या सोयीची असली, तरी ज्या मुलाला नुकतीच मुळाक्षरे येऊ लागली आहेत त्याला ती दुहेरी ओझे होते. भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इनस्क्रिप्ट’ या कळफलकात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला असतात; शिवाय क आणि ख, ग आणि घ, त आणि थ, प आणि फ एकाच कळीवर असून दुसरे अक्षर शिफ्ट दाबून येते. बाराखडी घोकलेल्या मुलाला ही मांडणी लवकर पटते. कीबोर्डवर देवनागरी अक्षरे नसतील तर कळांवर छोटे स्टिकर लावावेत आणि प्रत्येक मुलाला पुठ्ठ्यावर काढलेला कळफलक द्यावा, म्हणजे ज्यांना संगणक मिळालेला नाही तेही बोटे फिरवत बसू शकतात.

सुरुवात बस, मगर, कमल, नळ, घर अशा काना-मात्रा नसलेल्या शब्दांनी करावी. त्यानंतर वेलांटी येते तेव्हा मुले हमखास अडखळतात. ‘किरण’ लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी दिसते म्हणून मूल ती आधी दाबते, पण संगणकाला आधी क आणि मग वेलांटी द्यावी लागते. ‘आपण बोलतो त्या क्रमाने दाब’ असे सांगितले की हे सुटते. जोडाक्षरासाठी ‘अक्षराचा पाय मोड’ ही वर्गातली भाषाच कामी येते: ‘पत्र’ म्हणजे प, त, पाय मोडण्याची कळ आणि र. स्वतःचे नाव उमटले की मुले पुढचे शब्द आपणहून मागतात.

कोडिंगची, म्हणजे संगणकाला क्रमाने सूचना लिहून देण्याची, घाई करू नये. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही कोडिंगचे उपक्रम सहावी ते आठवीच्या टप्प्यावर सुचवले आहेत. चौथीपर्यंत अंगणात खडूने चौकटी आखून एका मुलाला ‘दोन पावले पुढे, उजवीकडे वळ, एक पाऊल पुढे’ अशा सूचनांवर चालवण्याचा खेळ पुरेसा आहे. सूचना चुकली तर मूल चुकीच्या चौकटीत पोहोचते आणि नेमकी कोणती सूचना बदलायची हे सगळा वर्ग मिळून शोधतो.

प्रत्येक तासाच्या शेवटी संगणक मेनूमधून रीतसर बंद करणे मुलांकडूनच करून घ्यावे, थेट बटण दाबून नव्हे. वीज वारंवार जात असेल तर दर थोड्या वेळाने काम जतन करण्याची सवय पहिल्या आठवड्यापासूनच लावावी. पासवर्ड आई-वडील आणि बाईंशिवाय कोणालाही सांगायचा नाही, आणि स्क्रीनवर काही भीतिदायक किंवा अनोळखी दिसले तर ते बंद करण्याची धडपड न करता लगेच मोठ्यांना हाक मारायची, एवढे दोन नियम इंटरनेट सुरू करण्याआधी प्रत्येक मुलाकडून वदवून घ्यावेत.