चेंगडूला निघण्याआधीची शाकाहारी तयारी

सप्टेंबरला चीनमधल्या चेंगडूला शिकायला निघालेलं कोणी शाकाहारी असेल तर बॅग उघडायच्या आधी एक काम करा, घरच्यांसोबत बसून ठरवा की आपण नक्की काय काय खाणार नाही. घरी हे कधी ठरवावंच लागत नाही ना, ताटात येतं ते आपलं असतंच. तिकडे रोज ठरवावं लागतं, अंडं चालेल का, मांस परतलेल्याच कढईतली भाजी चालेल का, वरून चिकन पावडर पडली असेल तर काय. मी हे न ठरवता गेले आणि पहिले दोन आठवडे नुसता भात आणि केळी खाऊन काढले, म्हणून कळकळीने सांगतेय. तुमचं उत्तर काहीही असो, पण ते घरूनच घेऊन जा.

मग चिठ्ठी. ही माझ्या मते पासपोर्टनंतरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे. 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी आहे, हे वाक्य सगळेच शिकवतात पण तेवढ्याने भागत नाही, 'रौ' म्हणजे मांस नको म्हटलं की मांसाचे तुकडे येत नाहीत एवढंच, भाजी मात्र डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते. त्यामुळे चिनी अक्षरांत एकेक नाव लिहून घ्या, मांस, मासे, कोंबडी, मग जू-यौ म्हणजे डुकराची चरबी, हाव-यौ म्हणजे ऑयस्टर सॉस, जी-जिंग म्हणजे चिकन पावडर, आणि रौ-मो म्हणजे खिमा. खिमा वेगळा लिहायचाच. मी पहिल्याच आठवड्यात मापो तोफू मागवला, तोफू म्हणजे सोयाबीनचा, मग बिनधास्त, लाल तेलात पांढरे चौकोन आणि त्यावर तपकिरी बारीक चुरा, मला वाटलं सोयाबीनचाच काहीतरी प्रकार असेल. तो बीफचा खिमा होता. चार घास पोटात गेल्यावर शेजारच्या मुलीने सांगितलं आणि मी त्या दिवशी परत काही खाऊच शकले नाही. तिथली परतलेली फरसबी पण अशीच, दिसायला आपल्या भाजीसारखी आणि आत बहुतेक वेळा डुकराचा खिमा. चिठ्ठी चिनी येणाऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या, लॅमिनेट करा, दोन प्रती काढा, फोटो फोनमध्ये ठेवा.

कँटीनमध्ये वाढणाऱ्या बाईंना तिकडे 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी, आणि ते आपल्या आईच्या इतकं जवळचं ऐकू येतं की पहिल्यांदा हाक मारताना माझा गळा भरून आला होता. रोज एकाच खिडकीवर जा, रोज तीच चिठ्ठी दाखवा. पंधरा दिवसांनी माझ्या आयी मला बघूनच मान हलवायच्या, हे नको, ते घे. बटाट्याच्या बारीक काड्या मिरची आणि व्हिनेगर घालून परततात, थू-तौ-स म्हणतात, अर्धकच्च्या कुरकुरीत असतात, आपल्याला बटाटा मऊ खायची सवय म्हणून आधी विचित्र वाटतं पण भाताबरोबर छान लागतं. बऱ्याच युनिव्हर्सिटीत मुस्लिम मुलांसाठी वेगळं कँटीन किंवा खिडकी असते, तिथे मांस असतंच पण डुकराची चरबी तरी नसते, तेव्हा तिची चौकशी आधी करा. आणि जेवण लवकर असतं हां, आपल्यासारखं रात्री नऊला गेलात तर रिकामी भांडी दिसतील.

सामानाचं सांगते. तूप, पेढे, पनीर, दुधाचं काहीही नेऊ नका, चीनमध्ये न्यायला बंदी आहे, ताजी फळं-भाज्या पण नाहीत, त्यामुळे कढीपत्ता ताजा न नेता वाळवून चटणीत कुटून न्या. खसखस अजिबात नको, मसाला घरी करत असाल तर आईला सांगून त्यातूनही वगळा. हिंग मात्र न्याच. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं, आणि कुळथाचं पीठ, पिठी दहा मिनिटांत होते आणि परीक्षेच्या दिवसांत तिनेच मला तारलं. मूग तिकडे कुठेही मिळतात, ल्यू-तौ म्हणायचं, तांदूळ, जिरं, दालचिनी, आलं-लसूण सगळं मिळतं, उगाच किलोकिलोने ओझं नेऊ नका.

कुकर न्यायच्या आधी होस्टेलला किचन आहे का ते सीनियरला विचारा, खोलीत जास्त वॅटची उपकरणं बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, जप्त करतात. किचनमध्ये इंडक्शन असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही, इंडक्शन बेसचा घ्या. आपली जाड गोल पिनांची पिन तिकडच्या प्लगमध्ये बसत नाही, अडॅप्टर दोन.

फोनचं आधी नीट समजून घ्या. वीचॅट, म्हणजे तिकडचं व्हॉट्सॲपसारखं ॲप, भारतात 2020 पासून बंद आहे आणि व्हॉट्सॲप तिकडच्या नेटवर चालत नाही, म्हणजे उतरल्यावर दोन्हीकडून अडकायला होतं. भारतीय सिमवर रोमिंग पॅक टाकून जा, रोमिंगवर व्हॉट्सॲप लागतं, आईला पोचल्याचं कळवता येतं. वीचॅट तिकडे गेल्यावर सीनियरच्या मदतीने उघडा. कार्डाचा परदेशातला वापर बँकेत चालू करून घ्या.

हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात हवं ते शिजवून खायला, सगळे नेतीलच. तिथला लाल रस्सा बहुतेक बैलाच्या चरबीचा असतो, 'छिंग-यौ' म्हणजे वनस्पती तेलाचा मागा, पण चिकन पावडरचं तिथेही विचारा. आणि घराची फार आठवण आली की मेट्रोच्या एक नंबर लाइनने वनशू मठात जा, बौद्ध मठ आहे, वनशू म्हणजे आपला बोधिसत्त्व मंजुश्री, तिथलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं. ताटात हुबेहूब मांसासारखे तुकडे दिसतील, घाबरू नका, ते गव्हाच्या ग्लूटेनचे नाहीतर तोफूचे असतात.

आमच्या कोकणातल्या लोकांसाठी अजून एक, तिरफळं नेऊ नका. तिकडचं ह्वा-ज्याव म्हणजे तिरफळाचंच भावंड, तोच जिभेला मुंग्या आणणारा झणका, वासाला थोडं लिंबाकडे झुकणारं. मी मुगाच्या आमटीत चार दाणे ठेचून टाकले तेव्हा होस्टेलच्या त्या किचनमध्ये आमच्या घरचाच वास सुटला होता.