कस्टमच्या नोंदी चाळताना मी कुठे आपटलो

2015 साली अभ्यास सोडून मी रात्र रात्र एकच उद्योग करायचो. झौबा या साइटवर भारतातल्या आयातीच्या, म्हणजे कस्टममधून गेलेल्या मालाच्या नोंदी चाळायच्या आणि अजून बाजारात न आलेली यंत्रं शोधायची. चिपा आणि ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एएमडीचे टेस्टिंगचे बोर्ड कॅनडाहून हैदराबादला यायचे. वर्णनात ‘प्रिंटेड सर्किट बोर्ड असेंब्ली, व्हिडिओ ग्राफिक कार्ड’, मग पार्ट नंबर आणि शेवटी एफओसी हा शेरा (अर्थ पुढे येतो). बाजारात न आलेलं कार्ड असं कागदावर सापडलं की झोप उडायची. अजूनही उडते.

ही नोंद येते बिल ऑफ एंट्रीतून, म्हणजे आयात मालाचा तपशील देणारा कस्टमचा कागद. त्यातला एचएस कोड म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक. गेमिंगचे कन्सोल 950450 मध्ये, चिपा 8542 मध्ये, कॉम्प्युटरचे सुटे भाग 847330 मध्ये. पण नुसत्या कोडवर विसंबू नका, वर्णनाचा रकाना वाचा.

मी आपटलो तो मूल्याच्या रकान्यावर. एका नव्या कार्डापुढे 50 हजारांच्या आसपास आकडा होता. मी छातीठोकपणे मित्रांना सांगितलं, हीच किंमत. एवढं महाग असेल तर थांबायचं कशाला, म्हणून एकाने आदल्या पिढीचं कार्ड घेऊन टाकलं. नवं कार्ड आलं ते बरंच स्वस्त. तो आजही लग्नकार्यात भेटला की सगळ्यांसमोर विषय काढतो.

चूक काय झाली ते नीट सांगतो, कारण नवखा माणूस हमखास इथेच घसरतो. एफओसी म्हणजे फुकट पाठवलेला माल. कंपनी स्वतःच्याच दुसऱ्या ऑफिसला बोर्ड पाठवते, विक्री झालेलीच नसते. पण फुकट म्हणून कस्टम शून्य मानत नाही, ड्युटी कशावर लावणार? म्हणून काहीतरी मूल्य जाहीर करावं लागतं. त्यात आपल्याकडे ड्युटी सीआयएफवर, म्हणजे भाडं आणि विमा धरून. विमानाचं भाडं मालाच्या एफओबी मूल्याच्या, म्हणजे भाडं-विमा सोडून असलेल्या मूल्याच्या, 20 टक्क्यांपर्यंत धरलं जातं. वर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बनवलेले नमुने, त्यांचा खर्च कारखान्यातून लाखोंनी निघणाऱ्या मालासारखा कसा असेल? तो आकडा ड्युटीचा आहे, दुकानातला नाही. पुन्हा सांगतो, दुकानातला नाही.

हे मला मुंबई विमानतळावरच्या सहारच्या कार्गोत आयुष्य घालवलेल्या एका सीएचए, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एजंट काकांनी चहाच्या टपरीवर पाच मिनिटांत समजावलं. माझं स्पष्ट मत आहे, डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवरचे दहा गुरू एकीकडे आणि क्लिअरिंगमधला एक जुना माणूस एकीकडे. अशा नोंदी विकणारी महागडी डेटा पॅकेजं तर पहिल्या वर्षी घेऊच नका.

आणि सावध राहा. आपल्याकडचं कस्टम खातं आयात-निर्यातीच्या ज्या रोजच्या याद्या प्रसिद्ध करायचं, त्या 2016 च्या अखेरीस बंद झाल्या. 2022 पासून कस्टम कायद्यात कलम 135एए आहे: आयात-निर्यातीचं मूल्य, प्रमाण किंवा आयातदाराचे तपशील प्रसिद्ध केले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतातली नोंद हाती लागली तरी कुठेही टाकू नका. लाइक्ससाठी वकील शोधायची वेळ यायला नको.

अमेरिकेच्या नोंदी खुल्या आहेत, पण फक्त जहाजाच्या. विमानाने जाणारे नमुने त्यात दिसतच नाहीत, आणि कंपनी अर्ज करून आपलं नावही झाकून घेऊ शकते. म्हणजे काही सापडलं नाही तर दोष तुमचाच असतो असं नाही. मी महिनोन् महिने स्वतःला ढ समजत होतो.

सापडतं तेव्हा मात्र भारी सापडतं. 2024 मध्ये व्हिएतनामच्या नोंदींतून निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलचे भाग लोकांनी हुडकले: 6 जीबीच्या दोन एलपीडीडीआर5एक्स (मेमरीच्या) चिपा आणि 256 जीबीचं यूएफएस जातीचं स्टोरेज. जून 2025 मध्ये स्विच 2 आलं, त्यात तेच निघालं. 450 डॉलर ही किंमत मात्र त्या ओळींतून कुणी काढू शकलं नसतं.

पहिले सहा महिने काही जाहीर करू नका. बाजारात आलेलं एखादं यंत्र घ्या, त्याच्या लाँचआधीच्या वर्षाच्या नोंदींबद्दल जे जे बोललं गेलं ते गोळा करा, आणि कुठली ओळ खरी ठरली, कुठली फसली ते वहीत लिहा. मी तर एक्सेलची फाइल आली की आधी मूल्याचा रकाना लपवतो, मगच वाचायला घेतो.