या चुका टाळा : कस्टम लूप असूनही प्रोसेसर तापतोय?

प्रोसेसर पाण्याने थंड करणारा कस्टम लूप (पंप, नळ्या आणि रेडिएटर यांचं स्वतः जोडलेलं चक्र) बसवला, दोन रेडिएटर लावले, तरी सिनेबेंच ही भार टाकणारी चाचणी सुरू केली की प्रोसेसर थेट ९५ अंशांवर. अशा वेळी बहुतेक जण ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) काढून त्याखालची थर्मल पेस्ट बदलतात. फरक पडला नाही की दुसऱ्या कंपनीची पेस्ट मागवतात. मग जास्त वेगाचे पंखे येतात, मग तिसरा रेडिएटर. एवढा खर्च होईपर्यंत पाणी किती गरम झालंय हे कुणीही पाहिलेलं नसतं.

ते पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नका. उष्णता आधी चिपमधून पाण्यात जाते आणि मग पाण्यातून खोलीच्या हवेत. अडचण या दोनपैकी एकाच टप्प्यात असते, आणि कोणत्या ते फक्त पाण्याचं तापमान सांगतं. जी १/४ आट्यांचा (लूपच्या फिटिंगचं नेहमीचं माप), दोन वायरींचा १०के थर्मिस्टर (तापमान मोजणारा) सेन्सर मोकळ्या पोर्टमध्ये बसवा आणि मदरबोर्डवरच्या टी-सेन्सर पिनांना जोडा. बोर्डवर त्या पिना नसतील तर सेन्सरची सोय असलेला फॅन कंट्रोलर घ्या. आरजीबी पंख्यांवर हजारो रुपये घालून हा सेन्सर वगळणं मला अजिबात पटत नाही.

आता सिनेबेंच आर२३ अर्धा तास चालू ठेवा आणि चार आकडे लिहून घ्या: रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, प्रोसेसरचं तापमान आणि प्रोसेसर खात असलेले वॅट. शेवटचे दोन एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दिसतात. दहा मिनिटांची चाचणी पुरत नाही, कारण पाणी स्थिरावायला वीस-पंचवीस मिनिटं सहज लागतात.

हवेपेक्षा पाणी १० अंशांनी गरम असेल तर उत्तम, १५ पर्यंत ठीक. २० च्या वर गेलं तर रेडिएटर, पंखे किंवा पंप तपासा. पाणी आणि प्रोसेसर यांच्यातला फरक चिप आणि वॅटवर ठरतो. २५३ वॅट खाणाऱ्या कोअर आय९-१४९००के वर ४५-५० अंशांचा फरक नेहमीचाच आहे. तेवढ्याच वॅटला तो ६५ झाला तर ब्लॉक नीट टेकलेला नाही, किंवा आतून तुंबलाय.

तापमान कसं चढतं हेही पाहा. लूपमध्ये एक लिटर पाणी धरलं आणि रेडिएटर नाहीच असं मानलं, तरी २५० वॅट त्या पाण्याला मिनिटाला साडेतीन अंशांच्या आसपासच तापवू शकतात. म्हणजे चाचणी सुरू होताच दोन सेकंदांत प्रोसेसर ४० वरून ९५ वर उडी मारत असेल, तर रेडिएटरचा त्यात काही संबंध नाही. दोष चिप आणि पाणी यांच्यामध्ये आहे, किंवा पंपच बंद आहे. सुरुवातीला ७५ आणि अर्ध्या तासाने ९० होत असेल, तर मात्र पाणी तापत चाललंय.

ब्लॉक आतून तुंबलेला असतो आणि लोक बाहेरून पेस्ट बदलत बसतात

ही चूक सगळ्यात महाग पडते. पुण्यात थ्रीडी रेंडरिंगसाठी बांधलेल्या एका मशीनचं उदाहरण घ्या. रायझन ९ ७९५०एक्स, ३६० मिमीचे दोन रेडिएटर, पारदर्शक मऊ नळ्या, निळं कूलंट. नवं असताना पूर्ण भारावर ८५-८६ अंश. काही महिन्यांनी तेच काम करताना ९५ ला टेकून क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली यायला लागला. पेस्ट पुनःपुन्हा बदलली, ३००० आरपीएमचे पंखे लावले, शेवटी तिसरा रेडिएटरही बसवला. आवाज वाढला, तापमान जागच्या जागी. सेन्सर लावल्यावर दिसलं की खोली २७ अंश आणि पाणी फक्त ३३. रेडिएटर आपलं काम चोख करत होते, त्यांच्यापर्यंत उष्णताच पोचत नव्हती. ब्लॉक उघडला तेव्हा फिन्सच्या (ब्लॉकमधल्या बारीक धातूच्या पट्ट्यांच्या) फटींमध्ये राखाडी-पांढरा चिकट गर बसलेला होता, आणि मधला भाग जवळजवळ पूर्ण बंद झाला होता.

तो गर दोन ठिकाणांहून आला होता. पारदर्शक मऊ पीव्हीसी नळ्यांमध्ये लवचिकपणासाठी प्लास्टिसायझर असतं. गरम पाण्यात ते हळूहळू बाहेर येतं आणि लूपमधली सगळ्यात अरुंद जागा, म्हणजे ब्लॉकच्या फिन्स, गाठतं. शिवाय कूलंट कमी झालं तसं वरून घरच्या आरओचं पाणी घातलं जात होतं. आरओचं पाणी प्यायला चांगलं असतं, पण त्यात क्षार शिल्लक असतातच. टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणारं) मीटर बुडवून पाहा, आकडा शून्य येत नाही. बोअरवेलच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको.

असा ब्लॉक साफ करताना घाई करू नका. उघडण्याआधी आणि उघडताना प्रत्येक थराचा फोटो काढा, कारण जेट प्लेट (पाणी फिन्सवर सोडणारी पट्टी) उलटी बसली तर नवीच अडचण उभी राहते. मऊ टूथब्रश, कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, आणि ब्रश फिन्सच्या दिशेनेच फिरवायचा. टाचणी किंवा सुई घालू नका. फिन्स कागदासारख्या पातळ असतात आणि एकदा वाकल्या की सरळ होत नाहीत. निकेल प्लेटिंग असेल तर व्हिनेगर आणि लिंबू लांब ठेवा, आम्लाने प्लेटिंग उडते. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा, ओ-रिंग खाचेत सगळीकडे नीट बसली आहे ना हे बोट फिरवून पाहा, आणि भरण्यापूर्वी अर्ध्या बारच्या दाबाने हवा भरून अर्धा तास गळती तपासा.

त्या मशीनमध्ये एवढं केलं, मऊ नळ्यांऐवजी काळ्या ईपीडीएम रबराच्या नळ्या घातल्या, दोन्ही जुने रेडिएटर धुतले आणि तापमान पुन्हा ८६ वर आलं. ईपीडीएम नळ्या दिसायला साध्या असतात, आतलं रंगीत पाणी दिसत नाही. रोज बारा तास रेंडर करणाऱ्या मशीनमध्ये माझं मत तरीही ईपीडीएमलाच.

कूलंटबद्दल आणखी थोडं. तयार कूलंट घ्या, किंवा डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक आणि शेवाळरोधक मिसळा. बॅटरीचं पाणी म्हणून मिळणारं सगळंच पाणी शुद्ध असतं असं नाही, सीलबंद बाटली घ्या आणि टीडीएस तपासा. दोन कंपन्यांची कूलंट एकमेकांत मिसळू नका, त्यांतली रसायनं एकमेकांशी जुळतील याची खात्री नसते आणि साका बसू शकतो. दुधी किंवा चमकीवालं कूलंट प्रदर्शनातल्या मशीनसाठी ठीक, रोजच्या कामासाठी नाही.

नवा रेडिएटर पेटीतून काढून थेट बसवू नका. कारखान्यात डाग देताना (सोल्डरिंग करताना) वापरलेला फ्लक्स आणि धातूचे कण आत राहिलेले असतात. अर्धा रेडिएटर गरम पाण्याने भरा, दोन्ही पोर्ट बंद करा, दोन-तीन मिनिटं जोरात हलवा आणि पांढऱ्या भांड्यात ओता. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा, शेवटच्या दोन वेळा डिस्टिल्ड पाण्याने. हात दुखतात, वेळ जातो, म्हणून नवशिके हीच पायरी गाळतात, आणि नंतर तोच कचरा ब्लॉकमध्ये सापडतो.

तांब्याच्या ब्लॉकबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर लावू नका. या जोडीने होणारा गंज गंजरोधकाने लांबतो, थांबत नाही. स्वस्त किटमध्ये कोणता धातू आहे हे लिहिलेलं नसेल तर ते किट घेऊच नका.

पंप बायोसच्या भरवशावर सोडू नका

मदरबोर्डच्या साध्या फॅन हेडरमधून (पंखा जोडायच्या पिनांमधून) साधारण एक अँपिअर, म्हणजे १२ वॅट मिळतात. डी५ हा लूपमध्ये सर्रास दिसणारा पंप पूर्ण वेगाला २३ वॅटच्या आसपास खातो. त्यामुळे पंपाची वीज पॉवर सप्लायच्या साटा किंवा मोलेक्स जोडणीतूनच घ्यायची, आणि हेडरला फक्त वेग मोजणारी व पीडब्ल्यूएमची (वेग ठरवणारी) वायर जोडायची. पंपाची वायर सीपीयू-फॅनच्या पिनेला लावून बायोसमध्ये ‘सायलेंट’ ठेवलं, की प्रोसेसर थंड असताना पंप रेंगाळतो आणि भार आला की जागा होतो. हा खेळ बंद करा. पंप ६० ते ७० टक्क्यांवर कायमचा बांधून ठेवा.

याच संदर्भात एक गैरसमज वारंवार ऐकू येतो: पाणी हळू फिरलं की रेडिएटरमध्ये जास्त वेळ राहतं, म्हणून जास्त थंड होतं. साफ चूक. हळू फिरणारं पाणी ब्लॉकमध्येही तितकाच जास्त वेळ राहतं, आणि शिवाय फिन्सवरून उष्णता उचलण्याची त्याची ताकद कमी होते. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर २५० वॅटमुळे पाणी ब्लॉकमधून बाहेर पडताना साडेतीन अंशांनी गरम होतं. चार लिटर असेल तर एक अंशानेसुद्धा नाही. म्हणूनच भाग कोणत्या क्रमाने जोडायचे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रवाह चांगला असेल तर लूपमध्ये सगळीकडे पाणी जवळपास सारखंच गरम असतं. क्रमाचा नियम एकच: पंपाच्या लगेच आधी रिझर्व्हायर (पाण्याची टाकी), आणि तो पंपापेक्षा उंच. फ्लो मीटर असेल तर मिनिटाला तीन-चार लिटर दिसायला हवेत. दोनच्या खाली गेलं तर कुठेतरी नळी दुमडली आहे, ब्लॉक तुंबलाय किंवा आत हवा अडकली आहे.

हवा काढताना मशीन चारही बाजूंना तिरपं करा, पंपाचा वेग कमी-जास्त करा, रिझर्व्हायरचं झाकण उघडं ठेवा. रेडिएटरच्या टोकात अडकलेला बुडबुडा एकदम सुटत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. पंप कोरडा चालवू नका. त्याच्या बेअरिंगला पाण्याचंच वंगण असतं.

ब्लॉकचं तोंड उलटं जोडलेलं असणं ही आणखी एक नेहमीची चूक. जेट प्लेटच्या ब्लॉकमध्ये पाणी मधल्या पोर्टमधून शिरून चिपच्या बरोबर वरच्या फिन्सवर आदळावं लागतं. नळ्या सुबक दिसाव्यात म्हणून इन आणि आउट अदलाबदल केले तर काही अंश फुकट जातात. ब्लॉकवरची खूण वाचा.

ब्लॉक नीट न टेकण्याचे दोष थोडक्यात. ब्लॉकच्या तळाचं प्लास्टिकचं कव्हर काढलं का? स्क्रू समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा देत आवळले का? इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटला आधीच्या एलजीए११५एक्स सॉकेटचं माउंट (ब्लॉक बसवायची चौकट) लावलंय का? जुन्याची भोकं ७५ मिमी अंतरावर, एलजीए१७०० ची ७८ वर, आणि उंचीही वेगळी. ओढूनताणून बसवलं तरी दाब नीट येत नाही. एलजीए१७०० चं मूळ कुलूप लांबट प्रोसेसरला मधोमध दाबून किंचित वाकवतं, तिथे कॉन्टॅक्ट फ्रेमने (त्या कुलपाऐवजी बसणाऱ्या चौकटीने) काही अंश खाली येतात. एएमडीच्या एएम५ वर चिपलेट (प्रोसेसरमधल्या तापणाऱ्या छोट्या चिप) सॉकेटच्या मध्यावर नसतात, त्यामुळे ब्लॉकसोबत ऑफसेट (मध्यापासून सरकवलेलं) माउंट मिळत असेल तर तेच वापरा. आणि ब्लॉक उचलल्यावर पेस्टचा ठसा पुसण्याआधी नीट बघा, मध्ये जाड आणि कडेला पातळ दिसला तर पेस्ट बदलून काही होणार नाही.

पाणीच तापत असेल तर केसच्या आत बघा. वरच्या रेडिएटरला ग्राफिक्स कार्डची गरम हवा ओढायला लावली असेल तर त्याच्याकडून फारशी अपेक्षा नको. एक तरी रेडिएटर बाहेरची ताजी हवा घेणारा हवा. डस्ट फिल्टर काढून पाच मिनिटं चाचणी करा, पंख्यांचा श्वास मोकळा होतो का ते लगेच कळतं. धूळ ब्लोअरने हवेच्या उलट दिशेने काढा, पंख्याची पाती हाताने धरून ठेवा. पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या नाही, पाण्याच्या तापमानाला बांधा. प्रोसेसर क्षणात वीस अंश वर-खाली होतो आणि पंखे उगाच ओरडत राहतात.

काही वेळा लूपमध्ये दोष नसतोच. रायझन ७९५०एक्स ला पॉवर मिळत गेली की तो मुद्दाम ९५ अंशांपर्यंत जातो, एएमडीने तो तसाच बनवलाय. इंटेलच्या अनेक बोर्डांवर जुन्या बायोसमध्ये पॉवर लिमिट ४०९६ वॅट, म्हणजे लिमिटच नाही, अशी ठेवलेली असते. १४९००के वर ती २५३ वर आणा आणि बायोस अद्ययावत करा. या पिढीतल्या अस्थिरतेसाठी इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ मायक्रोकोड (बायोसमधून मिळणारी प्रोसेसरची दुरुस्ती) दिला होता, निदान तो तरी हवाच.

नागपूर, अकोला, जळगाव, चंद्रपूरच्या वाचकांना आणखी एक गणित मांडावं लागतं. पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. मे महिन्यात एसी नसलेली खोली ४० अंशांवर असेल तर चांगल्या लूपमधलंही पाणी ५२-५५ पर्यंत जातं. डी५ पंपाची मर्यादा ६० अंश आहे, आणि पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या त्याच सुमारास मऊ पडून फिटिंगमधून निसटू लागतात. तिथे आणखी रेडिएटर लावून उपयोग मर्यादित. ७९५०एक्स ला उन्हाळ्यापुरता कमी वीज खाणारा १०५ वॅटचा इको मोड लावा, आणि पाणी ५० ला पोचलं की मशीन इशारा देईल व ५५ ला बंद होईल असं फॅन कंट्रोलरमध्ये बसवून ठेवा.