शक्ती उचलणारे पात्र: आधी हिशेब, मग सोंग

फोंड्यात किंवा पणजीत पावसाळ्याच्या सुट्टीत चार-पाच जण सुपरहिरोंचा टेबलटॉप खेळ मांडून बसले, की दुसऱ्याच्या शक्ती उचलणारे, म्हणजे त्यांची नक्कल करून वापरणारे, पात्र कुणीतरी हमखास मागतो. गेममास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, त्याला नकार देऊ नये, मात्र त्या पात्राचा हिशेब पहिल्या डावापूर्वीच पक्का करावा. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. इथे पैशाच्या जागी पॉइंट असतात; ते मोजून पात्राच्या शक्ती घ्याव्या लागतात.

म्युटन्ट्स अँड मास्टरमाइंड्स या सुपरहिरोंच्या खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत हे काम व्हेरिएबल या इफेक्टने, म्हणजे शक्तीच्या प्रकाराने, साधते. त्याच्या प्रत्येक रँकला, म्हणजे ताकदीच्या पायरीला, मुळात 7 पॉइंट पडतात आणि त्या बदल्यात 5 पॉइंटांच्या शक्ती धारण करता येतात. पॉवर लेव्हल (पात्राच्या ताकदीची कमाल पातळी) 10 च्या पात्राला सुरुवातीला 150 पॉइंट मिळतात. त्यांतले 56 खर्चून 8 रँक घेतले, तर उचलण्यासाठी 40 पॉइंट हाती राहतात. समजा, मांडवीच्या पुलावर वीज फेकणारा, उडणारा खलनायक उभा आहे. लांबून करायच्या माऱ्याचे 12 रँक म्हणजे 24 पॉइंट आणि उड्डाणाचे 8 रँक म्हणजे 16, असे 40 पॉइंट इथेच संपतात, त्यामुळे त्याचे विजेचे कवच नायकाला घेता येणार नाही. शिवाय हल्ल्याचा बोनस (नेम लागावा म्हणून फाशात मिळवायचा आकडा) आणि माऱ्याचा रँक यांची बेरीज पॉवर लेव्हलच्या दुपटीपुढे, म्हणजे 20 च्या पुढे, जाता कामा नये. 12 रँकच्या या माऱ्याला बोनस 8 पर्यंतच चालेल. शक्ती बदलण्यात त्या फेरीतली स्टँडर्ड अॅक्शन, म्हणजे हल्ल्यासारखी मुख्य कृती, खर्च होते, हेही खेळाडूला आधीच सांगून ठेवावे.

खरी अडचण मात्र वेळेची असते. ऐन लढाईत एकजण बेरजा करत बसला की बाकीच्यांचा रस जातो, आणि गेलेला रस परत आणणे फार कठीण असते. म्हणून गेममास्टरने त्या डावात येणाऱ्या प्रत्येक खलनायकाची उचलण्याजोगी शक्ती, रँक आणि पॉइंटांसह, वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आणावी व नायकाने शक्ती उचलताच ती खेळाडूच्या हाती द्यावी. चिठ्ठी नसलेल्या पात्राची शक्ती त्या डावात उचलता येणार नाही, असे सर्वांच्या संमतीने ठरवावे.

सोबत्यांच्या शक्तींबाबत मी अधिक कडक राहतो. ज्याने आपले सारे पॉइंट आगीवर लावले आहेत, त्याच्या शेजारी दुसऱ्याने तीच आग तितक्याच जोमाने पेटवली, तर पहिल्याला टेबलावर कामच उरत नाही. त्यामुळे सोबत्याची शक्ती त्याच्या परवानगीनेच आणि मूळ रँकपेक्षा किमान 2 रँक कमी ठेवून घ्यावी. हा माझा घरचा नियम आहे, पुस्तकातला नव्हे.