फायनल कोण जिंकणार? अंदाज बांधताना या चुका टाळा

दरवर्षी मे संपत आला की एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, पाहणारं कुणी ना कुणी मला गाठतं आणि विचारतं, "ते टक्के-बिक्के राहू दे, नाव सांग. कोण जिंकणार?" मी सांगायला लागतो, की सत्तर टक्के या संघाचे धर, पण त्यांच्या सेंटरचा (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचा) गुडघा अजून नीट नाही, तो खेळला नाही तर पंचावन्नच. एवढ्यात समोरच्याची नजर फोनकडे वळलेली असते. नाव चुकलं की मात्र वर्षभर टोमणे मलाच.

फायनल म्हणजे सात सामन्यांपर्यंतची मालिका, जो आधी चार जिंकेल तो विजेता. तिचे अंदाज मी बऱ्याच वर्षांपासून वहीत लिहितो. कागदाची वही, पेनाने लिहिलेली. मोबाइलमध्ये लिहिलेलं नंतर गुपचूप बदलता येतं, आणि मी स्वतःला चांगला ओळखून आहे. त्या वहीतल्या माझ्या चुका आणि लोकांकडून ऐकलेल्या चुका शेजारी ठेवल्या, तर दरवर्षी संघ तेवढे बदललेले दिसतात.

३-१ झालं म्हणजे संपलं

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

साल २०१६. गोल्डन स्टेट वॉरियर्सने रेग्युलर सीझनमध्ये (बाद फेरीआधीच्या साखळीत) ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. फायनलमध्ये समोर क्लीव्हलँड कॅव्हलियर्स, आणि चार सामन्यांनंतर मालिका वॉरियर्सच्या बाजूने ३-१. त्या रात्री मी वहीत लिहिलं, "वॉरियर्स. विषय संपला." खाली लाल पेनाने दोन रेघा. पुरावे जय्यत तयार होते. फायनलमध्ये तोवर ३२ संघ १-३ ने मागे पडले होते आणि त्यातला एकही मालिका जिंकला नव्हता. शिवाय मी गणित मांडलं होतं: प्रत्येक सामन्यात क्लीव्हलँडची शक्यता ३५ टक्के धरली, तरी सलग तीन जिंकायची शक्यता जेमतेम चार टक्के.

गुणाकार बरोबर होता. ३५ चुकीचे होते.

चौथ्या सामन्यात क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सशी झालेल्या झटापटीबद्दल वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनला नंतर फ्लेग्रंट, म्हणजे गंभीर धसमुसळेपणाचा, फाउल लावला गेला. प्लेऑफमधले (बाद फेरीतले) आधीचे फ्लेग्रंट धरून त्याची मर्यादा भरली आणि पाचव्या सामन्यासाठी तो निलंबित झाला. ही बातमी मी वाचली. वही मात्र उघडली नाही. एकच सामना तर आहे, असं म्हणून सोडून दिली. त्या एका सामन्यात लेब्रॉन आणि त्याचा साथीदार कायरी अर्विंग दोघांनी प्रत्येकी ४१ गुण केले, आणि वॉरियर्सचा सेंटर अँड्र्यू बोगट गुडघा दुखावून उरलेल्या मालिकेतून बाहेर गेला. तेव्हाही मी वही उघडली नाही. ग्रीन नाही, मग बोगट नाही, बोगटची मिनिटं एझेली आणि वारेजाओ या राखीव खेळाडूंच्या वाट्याला, आणि माझ्या डोक्यात अजून तोच ७३ विजयांचा संघ. सातव्या सामन्यात ८९-८९ वर गाडी अडली. मग वॉरियर्सच्या इगुओडालाच्या लेअपवर (बास्केटजवळच्या सोप्या शॉटवर) लेब्रॉनचा तो ब्लॉक, ५३ सेकंद उरले असताना अर्विंगचा थ्री (लांबून टाकलेला तीन गुणांचा शॉट), आणि ९३-८९, क्लीव्हलँड विजेते.

बोगट गेल्यावर मी पुन्हा बसून दोन्ही संघ बरोबरीचे धरले असते, तर आधीच जिंकलेला पाचवा धरून क्लीव्हलँडला उरलेले दोन जिंकायची शक्यता २५ टक्के आली असती. तरीही माझा कौल वॉरियर्सलाच गेला असता. पण चारात एक आणि "विषय संपला" यात किती फरक आहे ते बघा.

त्या ३२ संघांचंही तसंच. त्यातले बरेचसे १-३ ने मागे पडले होते कारण ते खरोखर दुबळे होते. तो इतिहास लेब्रॉनच्या संघाला लावताना निदान एकदा थांबायला हवं होतं.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. डाव्या पानावर दोन्ही संघांतले आठ-आठ, नऊ-नऊ खेळाडू लिहितो, प्रत्येकापुढे मागच्या तीन सामन्यांतली मिनिटं. कुणी बाहेर गेला की नावावर काट मारतो आणि त्याची मिनिटं कुणाकडे जाणार ते शेजारी लिहितो. गेलेला माणूस किती मोठा हे सगळेच बोलतात, त्याच्या जागी येणाऱ्याकडे बघायचा कंटाळा येतो. हे प्रत्येक सामन्यानंतर करायचं. वीस मिनिटं लागतात. एवढा वेळ नसेल तर नाणं उडवा, तेही प्रामाणिक काम आहे.

"खेळतोय ना, मग झालं"

जखमी खेळाडू मैदानात उतरला म्हणजे पूर्ण खेळाडू परत आला, असं धरू नका. २०१९ मध्ये वॉरियर्सचा केव्हिन ड्युरंट पोटरीच्या दुखापतीमुळे महिनाभर बाहेर राहून पाचव्या सामन्यात परतला. १२ मिनिटांत ११ गुण केले आणि टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटून तो बाहेर गेला. मालिका टोरंटोने ४-२ ने घेतली. २०२५ मध्ये इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन पोटरी दुखत असताना पाचव्या सामन्यात खेळला, सहा शॉट मारले, एकही पडला नाही. सातव्यात पहिल्याच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या पहिल्या पाव भागात) तीन थ्री टाकून सगळ्यांना आशा लावली आणि त्याच क्वार्टरमध्ये त्याचाही अकिलीस गेला. समोरची ओक्लाहोमा सिटी १०३-९१ ने जिंकली. अशा खेळाडूची मिनिटं मी पूर्ण लिहितो, पण त्याच्याकडून अपेक्षा अर्धीच धरतो. अर्धीच का? काही शास्त्र नाही, सवय आहे.

पहिला सामना पाहून मत फिरवणं

यातही मी पोळलोय, पण निदान यातून एक बरं गणित हाती लागलं.

२०२२ चा पहिला सामना. बॉस्टन सेल्टिक्सने चौथा क्वार्टर ४०-१६ ने जिंकून वॉरियर्सना त्यांच्याच घरी १२०-१०८ ने हरवलं. मोजून दहा मिनिटांत मला तीन जणांनी कळवलं, की वॉरियर्सचे दिवस भरले. मीही डळमळलो. पण त्या दिवशी बॉस्टनचे ४१ पैकी २१ थ्री पडले होते. त्यांच्या मुख्य खेळाडूचे, जेसन टेटमचे, १७ पैकी फक्त ३ शॉट पडले होते आणि त्यांच्याच अल हॉरफर्डने २६ गुण केले होते. असा दिवस रोज येत नाही.

मी काय करतो, दोन्ही संघांचे थ्री ३६ टक्क्यांवर आणून ठेवतो. संघ त्याहून खूप चांगला किंवा वाईट असेल तर आकडा थोडा हलवतो. बॉस्टनचे ४१ वर २१ ऐवजी १५ होतात, म्हणजे १८ गुण कमी. वॉरियर्सचे ४५ पैकी १९ पडले होते, ते १६ होतात, म्हणजे ९ कमी. बारा गुणांचा विजय तीन गुणांवर आला. म्हणजे सामना चुरशीचा होता, चेंडू बॉस्टनच्या बाजूने पडले. वॉरियर्सने दुसरा सामना १०७-८८ ने घेतला, चौथ्यात त्यांच्या स्टीफन करीने ४३ गुण केले, आणि मालिका ४-२ ने त्यांचीच.

हे गणित ढोबळ आहे, मला माहीत आहे. मोकळा शॉट आणि अंगावर हात असताना मारलेला शॉट यात ते फरक करत नाही. म्हणून आकडेमोड झाल्यावर मी सामना पुन्हा पाहतो, निदान दुसरा अर्धा भाग. हायलाइट्स चालत नाहीत. हायलाइट्समध्ये प्रत्येक शॉट पडतो! नवशिक्यांना नेमकं हेच नको असतं, त्यांना चार मिनिटांच्या व्हिडिओत मालिका समजून हवी असते.

२०१३ ची मायामी–सॅन अँटोनियो मालिका आठवते का? दुसरा सामना मायामीने १९ गुणांनी जिंकला, तिसरा सॅन अँटोनियोने ३६ गुणांनी. एकेका सामन्यावर मत बनवणाऱ्याने त्या आठवड्यात दोनदा पक्ष बदलला असेल. मालिका शेवटी सातव्या सामन्यापर्यंत गेली.

"चार-दोन" सांगायची हौस

विजेत्यासोबत नेमका स्कोअर सांगितला की जाणकार वाटतो, म्हणून सगळे सांगतात. समजा एका संघाची प्रत्येक सामन्यात ६० टक्के शक्यता आहे. तो मालिका जिंकायची शक्यता ७१ टक्के होते, सात सामन्यांत वरचढपणा असा फुगतो. पण त्याने ४-२ नेच जिंकायची शक्यता २१ टक्क्यांच्या आसपास, आणि ४-१ ची जवळपास तेवढीच. म्हणजे नेमका स्कोअर पाचातून चार वेळा चुकणार. सांगायचाच असेल तर सांगा, पण चुकल्यावर पंचांना शिव्या देऊ नका.

आणि ७१ म्हणजे शंभर नव्हे. २०२४-२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीने ६८ सामने जिंकले, सरासरी जवळपास १३ गुणांच्या फरकाने, आणि तरीही त्यांना सातवा सामना खेळावा लागला. पहिला तर ते घरच्या कोर्टवर शेवटच्या ०.३ सेकंदाला हरले होते.

आणखी काही, थोडक्यात

रेग्युलर सीझनमधल्या आपापसातल्या लढती: लीगचे ईस्ट आणि वेस्ट असे दोन गट आहेत, त्यांचे विजेते फायनलला भेटतात. एरवी ईस्ट आणि वेस्टचे संघ वर्षात दोनदाच भेटतात. २००७ मध्ये क्लीव्हलँडने सॅन अँटोनियोला दोन्ही वेळा हरवलं होतं. फायनलमध्ये ०-४.

मोठी नावं मोजणं: २००४, लॉस एंजेलिस लेकर्स, एकाच संघात शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन, गॅरी पेटन. डेट्रॉइटने त्यांना ४-१ ने हरवलं.

लांबलचक बेंचचं (राखीव खेळाडूंचं) कौतुक: जानेवारीत दहा माणसं लागतात, जूनमध्ये कोच सात-आठांवर येतो. नववा-दहावा कितीही चांगला असला तरी मी त्याला शून्य धरतो. हां, कोच अचानक कुणाला सुरुवातीच्या पाचात आणू शकतो. २०१५ मध्ये १-२ ने मागे असताना वॉरियर्सनी बोगटला बसवून इगुओडालाला सुरुवात करायला लावली, पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि इगुओडाला फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला. मागे असलेला संघ काय बदलू शकतो, ते तिसऱ्या सामन्याआधी लिहून ठेवा.

होम कोर्ट (घरी खेळण्याचा फायदा) दोनदा मोजणं: २०२५ पर्यंत फायनलमध्ये २० वेळा सातवा सामना झाला आणि १६ वेळा यजमान जिंकले. पण सातवा सामना घरी मिळतो तोच मुळात ज्याचा रेकॉर्ड चांगला त्याला. संघ चांगला म्हणून आधीच गुण दिले असतील, तर घराचे वेगळे देताना हात आखडता घ्या.

आणि आपला लाडका संघ फायनलमध्ये असेल तर अंदाज करूच नये. माझ्या वहीत तशा वर्षांची पानं कोरी आहेत, वर फक्त साल लिहिलेलं.