जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड टाकताय? या चुका टाळा

चतुर्थीच्या सुट्टीत डिचोलीहून ओळखीचा एक मुलगा पीसी घेऊन आला. "काका, गेम सुरू केला की मशीन पटकन बंद पडतं. विंडोज तीनदा टाकली, ड्रायव्हरही बदलला." असं मशीन आलं की मी आधी कॅबिनेटचं झाकण काढतो.

आत चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, 84 वॅटचा. त्यावर नवं कोरं जीटीएक्स 1660 सुपर कार्ड, 125 वॅटचं. दोघांचे मिळून 209. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ठळक अक्षरांत 450 वॅट, आणि त्यानं तेवढंच वाचलं होतं. खालच्या बारीक तक्त्यात लिहिलं होतं: 12 व्होल्टला 15 अँपिअर. गुणाकार करा, 180 वॅट. प्रोसेसर आणि कार्ड आपली बहुतेक वीज 12 व्होल्टवरूनच घेतात. उरलेले वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या लाइनींवर दाखवून आकडा फुगवलेला. गेम सुरू नसताना कार्ड निवांत असतं, म्हणून तोवर सगळं ठीक वाटतं.

त्याहून वाईट गोष्ट पुढे दिसली. एसएमपीएसला कार्डासाठीची 8 पिनची वायर नव्हती, म्हणून त्यानं स्वस्तातला कन्व्हर्टर लावला होता. त्याचा मोलेक्सचा, म्हणजे जुन्या हार्डडिस्कला लागायचा तो चार पिनांचा, पांढरा प्लग तपकिरी होऊन चिकटून बसला होता. हे बघून मला खरंच राग येतो. 8 पिनमधून 150 वॅट जाणं अपेक्षित असतं. काही कन्व्हर्टर तर साटाच्या, म्हणजे आताच्या हार्डडिस्कच्या, प्लगवर लागतात; त्याची 12 व्होल्टची क्षमता जेमतेम 54 वॅट. कन्व्हर्टर जोडल्यानं वीज वाढत नाही, फक्त जळायची जागा बदलते. ज्या एसएमपीएसला 8 पिनची स्वतःची वायर नाही, तो त्या कार्डासाठी बनलेलाच नाही, असं मी मानतो. पैसे कमी असतील तर कार्ड महिनाभर थांबवा, एसएमपीएस आधी घ्या. मी प्रोसेसर आणि कार्डाच्या बेरजेच्या दीडपट तरी क्षमता 12 व्होल्टवर बघतो.

मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणारा, एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी नव्याला लावू नका. प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि हार्डडिस्क जाते.

प्रोसेसरची 8 पिन वायर कार्डात कोंबू नका. कार्डाची बहुधा 6 अधिक 2 अशी सुटी होते, प्रोसेसरची 4 अधिक 4.

आपल्याकडे पावसात लाइट सारखी जाते, म्हणून घरोघरी 600 व्हीएचा यूपीएस असतो. तो साधारण 360 वॅटचा. मोठं कार्ड टाकलंत तर मॉनिटर धरून हिशेब करा; नाहीतर लाइट जाताच यूपीएस ओव्हरलोड होऊन मशीन बंद.

दमट हवेत गंजलेला एसएमपीएस उघडून साफ करत बसू नका. प्लग काढला तरी आतले कपॅसिटर चार्ज धरून असतात. सरळ बदला.

ऑफिसातून निघालेल्या छोट्या ब्रँडेड मशीनमध्ये बऱ्याचदा बाजारातला एसएमपीएस बसतच नाही, मदरबोर्डाचा प्लगही वेगळा. तिथे मी जीटीएक्स 1650 चं बिनकनेक्टरचं, म्हणजे विजेची वेगळी वायर न लागणारं, मॉडेल टाकतो. 75 वॅट, सगळे मदरबोर्डाच्या स्लॉटमधूनच मिळतात. घेण्याआधी कार्डाची उंची तेवढी मोजा.