हरणाऱ्या फुटबॉल संघासाठी नवा कोच कसा निवडावा

संभाजीनगरच्या आमच्या क्लबासाठी मी आजवर चार कोच निवडले. दोन साफ फसले, एक बरा निघाला, चौथा अजून आहे. क्लब मोठा नाही; दहा-बारा पोरं पगारी, बाकीची भत्त्यावर. पण हरायला लागल्यावर कमिटीत जो गोंधळ उठतो तो आमखास मैदानावर काय आणि आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) काय, सारखाच. सगळ्यांना एकच सुचतं: कोच बदला. मग एखादं मोठं नाव काढतात, चहा येतो, ठराव होतो. असं करायचं नसेल तर पुढचं वाचा.

आधी वही उघडा

गेल्या आठ सामन्यांची वही काढा. वही नसेल तर आजपासून घाला, आणि ती भरेपर्यंत कोचला हात लावू नका. वहीत गोल मोजायचे नाहीत, संधी मोजायच्या. गोलसमोरच्या बॉक्सच्या आतून आपण किती फटके मारले, समोरच्यांनी किती मारले, आणि कितव्या मिनिटाला. हे काम दहावीतलं पोरगंही पेन्सिल घेऊन करतं.

आकडे बरोबरीचे असतील आणि तरी तुम्ही हरत असाल तर कोच ठेवा, स्ट्रायकर बघा. सगळे गोल कॉर्नरवरून खाताय? तेवढ्यापुरता एक सहायक आणा. समोरच्यांच्या संधी मात्र सामन्यागणिक वाढत चालल्या असतील आणि पोरं सरावाला उशिरा यायला लागली असतील, तर पुढची पायरी चढा.

हे एवढं सांगतोय कारण एका वर्षी आम्ही सलग सहा हरलो आणि कोच काढला. नव्याने आल्या आल्या तीनपैकी दोन सामने जिंकून दिले. आम्ही पेढे वाटले. हंगाम संपल्यावर वही पाहिली तर संधी आधीही तेवढ्याच होत्या, नंतरही तेवढ्याच. आधी खांबाला लागणारा चेंडू आता आत जात होता, इतकंच. हॉलंडच्या लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या कोचबदलांचा अभ्यास झालाय, त्यातही हेच निघालं: कोच बदलल्यावर संघ सावरतो, पण तेवढीच वाईट अवस्था असताना कोच न बदललेले संघही तसेच सावरतात. गाळात गेलेला संघ थोडाफार वर येतोच. त्याचं श्रेय कोणाला द्यायचं ते कमिटीचं राजकारण ठरवतं.

काम काय ते एका कागदावर लिहा

एका ओळीत. "या हंगामात खालच्या गटात जायचं नाही" हे एक काम. "तीन वर्षांत आपल्याच पोरांतून संघ उभा करायचा" हे दुसरं. दोन्ही एकाच माणसाकडून मागाल तर दोन्ही जातील. आयएसएलच्या पहिल्या दहा हंगामांत कोणी खाली गेलं नाही, त्यामुळे तिथल्या कोचला आपली भीती ठाऊक असेलच असं नाही, हेही ध्यानात ठेवा.

परवाना आणि अर्ज

एएफसीची, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाची, कोचच्या परवान्यांची शिडी डी, सी, बी, ए आणि वर प्रो अशी आहे. तुमच्या स्पर्धेला लागतो तो परवाना नसेल तर अर्ज बाजूला ठेवा, पुढे वाचत बसू नका. पाच नावं काढा, तीन ठेवा.

नाव पाहून भुलू नका मात्र. "इंडिया खेळलाय" म्हणजे शिकवता येतं असं नव्हे. सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर होते. १९५० साली त्यांनी हैदराबाद सिटी पोलीसचा संघ हातात घेतला. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, १९५६ पर्यंत. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ अशी दोन एशियाडची सुवर्णपदकं घेतली आणि १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर काढला. तसंच काढून टाकलेला माणूस म्हणजे टाकाऊ माणूस, असंही नाही. कोच खालिद जमील यांना २०१६मध्ये मुंबई एफसीने सात वर्षांनंतर सोडलं. पुढच्याच हंगामात त्यांनी मिझोरामच्या ऐझॉलला आय-लीग, तेव्हाची देशातली पहिल्या दर्जाची लीग, जिंकून दिली, जो संघ आदल्या हंगामात खाली गेला होता आणि दुसऱ्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत आत आला होता.

चौकशी

आधीच्या क्लबाच्या अध्यक्षाला फोन करू नका, तो गोडच बोलणार. किट सांभाळणाऱ्याला करा, आणि त्या कोचने बेंचवर बसवलेल्या एखाद्या खेळाडूला करा. दहा मिनिटांत काम होतं.

मैदानावरची परीक्षा

इथे मी दोनदा तोंडावर आपटलोय, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिल्यांदा आम्ही परीक्षा घेतलीच नाही. हॉटेलच्या एसी खोलीत उमेदवाराने लॅपटॉपवर चाळीस स्लाइड दाखवल्या. बाण, वर्तुळं, हाय प्रेस, लो ब्लॉक. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ते बाण पोरांच्या पायात उतरवणं त्याला जमत नाही हे कळायला तीन महिने आणि तीन महिन्यांचा पगार गेला.

दुसऱ्यांदा शहाणपण आलं, पण अर्धंच. परीक्षा घेतली, तीही सतरा वर्षांखालच्या संघावर. ती लेकरं. शिट्टी वाजली की पळतात, दम दिला की गप्प बसतात. कोच झकास दिसला. मग तोच माणूस आमच्या तिशीतल्या स्टॉपरसमोर (बचावातल्या मधल्या खेळाडूसमोर) उभा राहिला. स्टॉपर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "उस्ताद, हमको ये सब नै जमता." कोचला घाम फुटला. पुढे महिनाभरात सिनियर पोरांनी त्याला मोजणंच सोडून दिलं.

इंग्रज कोच ब्रायन क्लफ यांनी १९७२मध्ये डर्बी क्लबला इंग्लंडची लीग जिंकून दिली होती. १९७४मध्ये ते लीड्स क्लबाला गेले आणि तिथल्या पदकं मिरवणाऱ्या खेळाडूंशी त्यांचं जमेना. ४४ दिवसांत घरी. तोच माणूस १९७५मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला, दुसऱ्या श्रेणीतला संघ वर आणला आणि १९७९ आणि १९८० असा दोनदा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च चषक, घेतला. माणूस तोच, समोरची पोरं वेगळी. म्हणून परीक्षा *तुमच्याच* पोरांवर घ्यायची, आणि त्यातही जे हरलेत, चिडलेत, बेंचवर कुजतायत त्यांच्यासकट. मी आता बावीस जण देतो: पहिले अकरा, सात बदली, आणि चार तोंडाळ. तोंडाळांना घरी बसवायचा मोह होतो. बसवू नका, खरी परीक्षा तेच घेतात.

आदल्या संध्याकाळी उमेदवाराला दोन सामन्यांचे व्हिडिओ आणि एकच प्रश्न द्या. आमचा होता: "शेवटच्या वीस मिनिटांत आम्ही उजव्या बाजूने गोल खातो. पंचाहत्तर मिनिटांत यावर काम करून दाखवा." तिघांना तोच प्रश्न, तीच वेळ, वेगवेगळे दिवस. येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च आणि त्या दिवसाचं मानधन द्या. फुकटात परीक्षा घेणारे क्लब पाहिलेत मी. त्यांना जसे मिळायचे तसेच कोच मिळतात.

मग बघायचं काय? कोचकडे कमी बघा, उभ्या असलेल्या पोरांकडे जास्त. मी हातात स्टॉपवॉच घेऊन एकच साधा खेळाडू धरतो, आमचा डावा बॅक. एका उमेदवाराच्या सरावात तो पंचाहत्तरपैकी एकतीस मिनिटं रांगेत उभा होता. ड्रिल दिसायला देखणं, प्लास्टिकचे कोन (शंकू) रंगीत, आणि पोरगं आपली पाळी येईपर्यंत बिबची (सरावाच्या जाकिटाची) नाडी चावतंय. गोलकीपर तर तासभर बाटल्यांपाशी बसून. असा कोच नको.

मैदान आपल्याकडचं आहे हे त्याला दिसतंय का तेही बघा. मे महिना, संध्याकाळचे पाच, पारा अजून चाळिशीला, काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा. एकाने घरून आणलेल्या आराखड्याप्रमाणे टेप लावून कोन मांडले आणि वीस मिनिटांत आमच्या विंगरचा घोटा भेगेत मुरगळला. दुसरा अर्धा तास आधी आला. कोणाशी न बोलता मैदानभर चालला, टाचेने जागोजागी माती दाबून पाहिली, आणि सगळा सराव उत्तरेच्या अंगाला सरकवला. पाण्यासाठी दर पंधरा मिनिटांनी थांबला. त्याचं निम्मं काम माझ्या दृष्टीने तिथेच झालं.

तो खेळ कसा थांबवतो हे सगळ्यात महत्त्वाचं. कच्चा कोच दर मिनिटाला शिट्टी मारतो आणि भाषण देतो. पोरं शूजने माती उकरत उभी राहतात. त्या दुसऱ्याने सबंध सरावात फक्त तीनदा थांबवलं. एकदा उजव्या बॅकच्या खांद्याला धरून त्याला दोन पावलं आत सरकवलं, विचारलं, "आता त्यांचा विंगर दिसतो का?" पोरगं म्हणालं, दिसतो. "मघाशी?" नव्हता. चेंडू त्याच जागेवर ठेवून खेळ पुन्हा सुरू. अर्ध्या मिनिटाचं काम.

आणि स्टॉपरने आपलं ठरलेलं वाक्य टाकलंच. यावर हसून सोडून देणारे असतात, अंगावर जाणारेही असतात. याने विचारलं, "तुम्हाला मागून काय दिसतंय? गोल नेमका कुठून सुरू होतो?" स्टॉपर मिनिटभर गप्प. मग त्याने मैदानाच्या मध्याकडे बोट दाखवलं. आमचा मधला खेळाडू सत्तराव्या मिनिटानंतर परतत नव्हता. आठ सामने आम्ही उजव्या बॅकला शिव्या घालत होतो.

भाषा हाही मुद्दा आहे, लोक लाजेने बोलत नाहीत. आमच्या संघात निम्मी पोरं घरी दखनी बोलतात, निम्मी मराठी. फाडफाड इंग्रजी बोलणारा कोच सराव संपवून गेला तेव्हा एकाने मला विचारलं, "सर, ते काय सांगायले होते?" मोडकीतोडकी हिंदी चालेल, हातवारे चालतील. पण हाफ टाइमच्या पंधरा मिनिटांत दुभाषा घेऊन संघ बदलता येत नाही.

सराव संपल्यावर पोरांना "आवडला का" विचारू नका. जो नुसती मॅच खेळवतो तो सगळ्यांना आवडतो. आठ जणांना वेगवेगळं बाजूला घ्या आणि विचारा, आज काय शिकलात, एका वाक्यात सांगा. आठांपैकी सहा जणांनी एकच गोष्ट सांगितली तर त्या माणसाला शिकवता येतं. लॅपटॉपवाल्याला हे विचारलं असतं तर आठ उत्तरं आठ दिशांना गेली असती. "पळवून पळवून मारायलाय हा" ही तक्रार मी धरत नाही.

या वेळी कमिटीच्या लोकांना मैदानाच्या पलीकडे खुर्च्या टाका. चहा, समोसे, काय हवं ते द्या, पण आत येऊ देऊ नका. मागे एका सदस्याने उमेदवाराला मधेच बोलावून आपल्या भाच्याची ओळख करून दिली होती.

करार

तीन गोष्टी लेखी हव्यात: संघ कोण निवडणार (कोच, आणि फक्त कोच), सहायक कोण, आणि मधेच काढलं तर किती महिन्यांचा पगार. भाच्याचा प्रश्न पहिल्या कलमात सुटतो.

जुन्या कोचला सांगणं

नव्याची सही होण्याआधी, तुम्ही स्वतः, समोर बसून. हिशेब त्याच दिवशी चुकता करा. आमच्या पहिल्या बदलाच्या वेळी प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. रात्री कोणीतरी त्याला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं. त्याने ते पाहिलं नसावं. सकाळी सहाला मी नव्या माणसाला मैदान दाखवायला घेऊन गेलो, तर जुना तिथे कोन लावून, बिब मोजत बसला होता.